अकोटची मुकी चोरघंटी

पुतणीने गेल्या वर्षी अमरावतीच्या तिच्या फ्लॅटला बिनतारेची चोरघंटी बसवून घेतली. दाराला एक पांढरी डबी, चौकटीला दुसरी डबी, दोन्हींमध्ये तार नाही. दोन्ही डब्या जवळ असल्या की घंटी गप्प, दूर गेल्या की बोंब. आठ दिवसांत ती दार बंद असतानाच बोंबलू लागली. कंपनीचा माणूस आला, सेल बदलून गेला. पुन्हा बोंबलली, तर डबीच बदलून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, तुमच्या इमारतीत लहरी फार आहेत. इतकं शिकून माणूस लहरींवर येऊन थांबतो. मी चहाला गेलो होतो. दार एकदा उघडलं, एकदा मिटलं आणि खाली पाहिलं. पुतणीने दाराशी नवं जाडजूड पायपुसणं टाकलं होतं. त्यावर दार अडायचं, बोटभर उघडं राहायचं, डब्यांची गाठ पडायची नाही. पायपुसणं उचललं, घंटी गप्प झाली.

पुतणी म्हणाली, "काका, तुमी दिवाळी अंकात लिवा न हे." लिहितोय, पण हे नाही. हे लिहायला बसलो आणि साठ सालानंतरचं अकोटचं एक दार आठवलं. ते आठवू नये म्हणून मी बरीच वर्षं बरेच उद्योग केले आहेत.

आमच्या काळी चोरघंटी तारेची होती, आणि ती समजायला शाळाही लागत नसे. दोन पितळी पट्ट्या दाराच्या चौकटीत बिजागरीच्या बाजूला बसवायच्या. दार मिटलं की दाराची कड एका पट्टीला दाबून धरते, म्हणून ती दुसरीला टेकत नाही. दार उघडलं की पट्टी उसळते, दुसरीला टेकते, सेलमधला करंट फिरतो आणि घंटी वाजते. संपलं शास्त्र. बिघाड चारच ठिकाणी होतो: सेल, घंटी, तार नाही तर पट्टी. पाचवं ठिकाण घरची माणसं, पण ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नसतं.

मी पलटणीत तारा ओढायला शिकलो आणि परत येऊन अमरावतीला छोटं दुकान टाकलं. मी वस्तीतला माणूस. छप्पन सालानंतर आमचं घर बौद्ध झालं, पण गावाच्या मनातलं आमचं नाव तेच राहिलं. माझ्या बापाने ज्या घरांची अंगणंसुद्धा बाहेरून झाडली, त्या घरांत मी पुढच्या दाराने पेटी घेऊन शिरत होतो, कारण दार दुरुस्त करायचं तर दारातून आत जावंच लागतं. करंटला विटाळ नव्हता आणि अंधारात बसायची कोणाची तयारी नव्हती. याचा मला तेव्हा फार गर्व होता. तो पुढे उतरला, ते येईलच.

चोरघंटी घेणारे लोक कसले नमुने असत! अमरावतीच्या एका वकिलांना घंटी हवी होती, पण शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशी. मी म्हटलं, मग चोरालाच सांगा हळू आवाजात तुम्हाला उठवायला. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने गोदामाला घंटी बसवली आणि पुढचे चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तार कुठून कुठे जाते ते काठीने दाखवत फिरला. पाचव्या दिवशी तार नेमकी तिथेच तुटलेली निघाली. माझ्यावर चिडला. म्हणाला, तुमचा माल कच्चा.

अकोटचे भाऊसाहेब या सगळ्यांचे गुरू शोभले असते. त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, गावाबाहेर होता, आणि गावात नवा सिमेंटचा बंगला होता. घरात ते, त्यांची आई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, बायको आणि नोकरचाकर. बंगल्याच्या फाटकावर तुळशीराम नावाचा चौकीदार होता. तो आमच्याच समाजाचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणत असे. त्याची ड्युटी फाटकापुरती. त्याचा चहाही फाटकावर यायचा, कान तुटलेल्या वेगळ्या कपात. मला चहा व्हरांड्यात मिळायचा, चांगल्या कपात, पण उभ्याने. आम्हा दोघांतला हा फरक मला प्रगती वाटत असे.

भाऊसाहेबांना चोरघंटी हवी होती आणि घंटीचं बटण फक्त स्वतःच्या हातात हवं होतं. घंटी चालू-बंद करायची कळ त्यांनी आपल्या खोलीतल्या कपाटात बसवून घेतली आणि कपाटाची किल्ली करगोट्याला बांधली. सकाळी स्वतः बंद करत आणि दुपारी चारला जिनावर, म्हणजे कारखान्यात, जाताना स्वतः चालू करत. चोर संध्याकाळीच टेहळणीला येतो, असं त्यांचं मत होतं. हे त्यांना कोणत्या चोराने सांगितलं होतं, ते विचारायची सोय नव्हती.

शिवाय त्यांना एक तपासणीचं बटण हवं होतं. दाबलं की घंटी वाजली पाहिजे, पाहुण्यांना दाखवता आली पाहिजे. मी दिलं बसवून. बटणापासून घंटीपर्यंत सरळ तार टाकली. ती दारापर्यंत जातच नव्हती. म्हणजे बटण दाबलं की घंटी शाबूत आणि सेल शाबूत, एवढंच कळायचं. दार शाबूत आहे की नाही, हे त्यातून कळायचा संबंध नव्हता. हे मला माहीत होतं. भाऊसाहेबांना मी सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला दोन तारांतला फरक कोण समजावत बसणार, असं वाटलं. मोठ्या लोकांना हसता हसता मी त्यांचंच हसं माझ्या हाताने वायर करून दिलं होतं.

वर्षभराने भाऊसाहेबांची जीप माझ्या दुकानासमोर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "चला मिस्त्री. चोरी झाली. घंटी वाजलीच नाई."

चोराने मागच्या भिंतीवरून येऊन, पुढचं दार उघडून चांदीच्या दोन समया आणि भिंतीवरचं घड्याळ नेलं होतं. मी पोचलो तेव्हा भाऊसाहेब व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते. मी काही विचारण्याआधी त्यांनी निकाल सांगून टाकला.

"घंटी मी रोज तपासतो. परवा संध्याकायीबी वाजली. मंग राती कावून वाजली नाई? कोनीतरी माहितगारानं बिघडवली. तुयशीरामले देल्ला चौकीत."

"तो काय म्हनते?"

"काय म्हनन? मी फाटकावर होतो म्हनते. मार खाईन तवा बोलन."

दादाला पोलीस चौकीत जाऊन एक रात्र आणि एक दिवस झाला होता. चौकीत काय करतात ते मला ठाऊक होतं. म्हणून हात जरा भरभर चालवले. बटण दाबलं, घंटी खणखणीत वाजली. तार बोटांनी चाचपत शेवटपर्यंत नेली, कुठेही तुटलेली नव्हती. मग भाऊसाहेबांना कळ चालू करायला लावून दार उघडलं. घंटी गप्प. गुडघ्यावर बसून चौकटीत पाहिलं, तर दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये कापसाची वात दुमडून बसवलेली होती. वळलेली, नीट, देवापुढच्या दिव्यात घालतात तशी. चिमट्याने काढून नाकाशी धरली. तिळाच्या तेलाचा वास येत होता.

मी ती भाऊसाहेबांच्या हातावर ठेवली. वाटलं, आता यांना कळेल. त्यांना भलतंच कळलं.

"पाह्य! म्हंजे घातपातच झाला. मी म्हनलं नव्हतं? आता कागद लिवून द्या, कोनीतरी आतून वात कोंबली म्हनून. आत्ता धाडतो चौकीत."

मी खरं शोधून काढलं होतं आणि ते थेट दादाच्या पाठीवर पडणार होतं.

"भाऊसाहेब, पट्टी दाराच्या आतल्या बाजूनं हाय. वात देवघरातली हाय. तुयशीरामदादाले तुमी देवघरात कवा येऊ देल्लं?"

ज्या माणसाला उंबरठा ओलांडू देत नाही, तोच उंबरठ्याच्या आत येऊन देवघरातली वात उचलून गेला, असं त्यांना पोलिसांना सांगायचं होतं. स्वतःचं सोवळं स्वतःच्याच आरोपाला आडवं आलं, ही गोष्ट त्यांना दिसली. पण दिसणं वेगळं आणि पाहणं वेगळं.

"तुमी आपल्या मानसाचीच बाजू घेसान," ते म्हणाले.

वर्षभर मी मिस्त्री होतो. एका वाक्यात मी पुन्हा वस्तीतला झालो. म्हणजे माझ्या शब्दाची किंमत संपली. आता जे काही दाखवायचं ते त्यांच्या डोळ्यांनाच दाखवावं लागणार होतं. मी पट्ट्या पुसून घेतल्या आणि म्हटलं, "आज जिनावर जाऊ नका. चार वाजता रोजच्यासारखी कळ चालू करा अन् इथंच बसून राहा. घरात कोनाले काई विचारू नका."

"कायच्यासाठी?"

"तुमच्या घरी संध्याकाय कशी होते थे पाहाले."

झोपाळ्यावरून ते का उठले नाहीत कोण जाणे. कदाचित मीच त्यांना वाकडा वाटलो असेन आणि माझी फजिती पाहायची असेल. मी व्हरांड्याच्या पायरीवर, बाहेरच्या खोलीची उघडी खिडकी समोर येईल असा, बसून राहिलो. साडेसहाच्या सुमाराला आत तुळशीपुढे दिवा लागला. मोठ्या बाई तबक घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. मुलगा त्या वेळी घरी आहे हे खिडकीतून पाहून त्यांना नवल वाटलं, पण हातातलं काम थांबलं नाही. वाकून चौकटीची फट चाचपली, तबकातून एक वात उचलली, बोटांत दुमडली आणि फटीत अलगद सरकवली. मग दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या. घंटी वाजली नाही. त्यांनी दिवा उंबऱ्याशी ठेवला आणि हात जोडले.

भाऊसाहेब उठून दारात आले. "बाई, हे काय करून राहिली तू?"

"तुही घंटी बोंबलते न. तिन्हीसांजेले लक्ष्मी घरात येते, तवा दार लावून ठेवतेत का कोनी? अन् उघडलं तं हे बोंबलते, जशी घरात कोनी मेलं."

"कवापासून?"

"बसवली तवापासून. पयल्या आठवड्यात तूच नाई का बायकायवर वरडला, कायले दार उघडता म्हनून? मंग म्यांच हे केलं. तवापासून तुले तरास नाई, मले तरास नाई."

"वात काढत नाई का तू मंग?"

"रोज काढा-घाला कोन करते? मळली का बदलतो. कालच नवी घातली होती, आज कोनं काढली कोन जाने."

म्हणजे त्या बंगल्यात वर्षभर घंटी नव्हतीच. भाऊसाहेब रोज बटण दाबून पाहुण्यांना ऐकवत होते आणि दाराशी वात बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इतक्या शब्दशः मी पुन्हा पाहिला नाही. घरातल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. स्वयंपाकिणीला ठाऊक होतं. पाणी भरणारीला ठाऊक होतं. मालकाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मालकाला सांगायची त्या घरात रीत नव्हती. आणि कोणातरी बाईने हे विहिरीवर बोलताना चोराने ऐकलं असेल, तर त्यात तिचा दोष कसला.

मोठ्या बाईंना तर चोरीचा आणि वातीचा संबंधच लागला नव्हता. त्यांनी विचारलं, "तुयशीराम कुठी गेला? दोन दिवसापासून दिसून नाई राहिला." भाऊसाहेबांनी त्यांना आत जायला सांगितलं. त्या आत गेल्या.

मग भाऊसाहेबांनी केलं काय? त्यांनी आतून खुर्ची मागवली. वेताची, हात असलेली. म्हणाले, "बसा मिस्त्री." त्या घरात मला पहिल्यांदा कोणी बसा म्हणालं. समोर कागद ठेवला, स्वतःचं पेन दिलं.

"हे पाहा. बाईचं नाव यात येऊ नये. गावात हसं होईन आमचं. तुमी एवढंच लिवा का घंटीच्या जोडनीत दोष होता, म्हनून वाजली नाई. कोनाचंच नाव नको. तुयशीराम सुटते, आमचीबी इज्जत राह्यते."

"माही जोडनी बराबर होती, भाऊसाहेब."

"थे मले माहीत हाय. तुमाले कामाची कमी पडू देनार नाई."

मी हिशेब असा मांडला: दादा चौकीत आहे, प्रत्येक तास त्याच्या अंगावर पडतोय, आणि या दोन ओळींनी तो उद्या सकाळी बाहेर येईल. माझ्या जोडणीचं नाव खराब होईल ते होवो. मी स्वतःचा त्याग करतोय, असंही मला वाटलं. खुर्चीत बसून त्याग करायला बरं वाटतं. मी लिहिलं, सही केली. जोडणीत दोष आढळला, सबब घंटी वाजली नाही.

रात्र मी वस्तीत एका नात्यातल्या घरी काढली. सकाळी एसटी स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होतो. समोरच्या हॉटेलात चार लोक चहा पीत बोलत होते. "घंटी खराब होती म्हने. मंग का, तुयशीरामचं फावलं. पुरावा नाई म्हनून सोडला, चोर तं तोच." माझ्या दोन ओळी माझ्या आधी गावात पोचल्या होत्या. त्यांचा अर्थ मी लावला होता तो नव्हता.

थोड्या वेळाने दादा आला. एक पाय ओढत होता. ओठ सुजलेला. मला शोधतच आला असावा.

"सुटलो," तो म्हणाला. "नोकरीवरूनबी सुटलो. भाऊसाहेब म्हनते, आता भरोसा उरला नाई."

मी त्याला वातीचं सगळं सांगितलं. मोठ्या बाई, दिवा, दार, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यायले माहीत हाय का मी चोर नाई?"

"हो."

"अन् तुमाले माहीत हाय."

"हो, दादा."

"मंग कागदावर कावून नाई?"

मी म्हटलं, तुम्हाला लवकर सोडवायचं होतं. बाईंचं नाव नको होतं. भाऊसाहेब ऐकत नव्हते. मी बरंच काही म्हटलं. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मी भाऊसाहेबांकडे जसं मनातल्या मनात पाहायचो, तसंच तो माझ्याकडे पाहत होता.

"त्यायनं तुमाले खुर्ची देल्ली म्हनते. मोठी गोष्ट हाय. आमच्यातल्या कोनाले देल्ली नव्हती," तो म्हणाला. "दोन दिवस मी मार खाल्ला, पन केलं म्हनून कबूल नाई झालो. अजून दोन दिवस खाल्ला असता. माही लेक लग्नाची हाय. तिले पाहाले येनारे लोक मले काय म्हनून इचारतीन? आता दुसरा कागद लिवा. जे झालं थे लिवा. मी ठेवतो जवळ."

माझ्या पेटीत वही होती, शिसपेन्सिल होती. पाच मिनिटांचं काम. गाडी लागली होती. मी म्हटलं, "दादा, अमरावतीहून लिवून पाठवतो. इथं घाईत नीट होनार नाई." गाडी सुटली तेव्हा तो तिथेच उभा होता.

मी पाठवला नाही. आठवड्याभरात भाऊसाहेबांच्या जिनाच्या वायरिंगचं काम आलं, पाठोपाठ त्यांच्या व्याह्याच्या जिनाचं. मी त्याला माझ्या हातातल्या कसबाची पावती समजत होतो. समजत होतो म्हणजे तसं समजायचं ठरवलं होतं. त्या कामांवर गेलो की मला खुर्ची मिळे. मी बसे. तुळशीराम अकोट सोडून पोरीबाळींसह भुसावळकडे गेला, असं कळलं. पुढे तो वारल्याचंही कळलं. त्याच्या मुलीचं लग्न कधी, कुठे, कसं झालं, ते मी कोणाला विचारलं नाही.

आयुष्यभर मी लोकांची दारं, तारा, घंट्या तपासत फिरलो आणि त्यांच्या मूर्खपणाला हसलो. हसण्यासारखं होतंच. पण वात काढून टाकायला मी होतो तिथे, आणि मीच दुसरी घालून आलो. लाज वाटते. या वयात ती सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. मोठ्या बाई नाहीत, भाऊसाहेब नाहीत, बंगल्याच्या जागी आता दुकानं आहेत. मुलगी कुठे असेल तर असेल, तिच्या हाती हा अंक पडला तर पडला. दादाने मागितलेला कागद लिहून देतो.

मी, खाली सही करणारा वायरमन, लिहून देतो की अकोट येथील त्या बंगल्याच्या पुढच्या दारावरील चोरघंटी मी स्वतः तपासली. घंटी शाबूत होती. सेल शाबूत होते. तार शाबूत होती. जोडणीत दोष नव्हता. दोन पट्ट्यांमध्ये दिव्याची वात होती आणि ती घरातल्या माणसाने, दिवेलागणीला दार उघडं ठेवता यावं म्हणून, चोरीच्या वर्षभर आधीपासून घातलेली होती. चौकीदार तुळशीराम याने त्या पट्टीला कधीही हात लावलेला नाही. ती पट्टी दाराच्या आत होती, आणि त्याला त्या घरात दाराच्या आत कधी घेतलं नव्हतं.